न दिलेलं, कोरं आणि शून्य

एका पतसंस्थेच्या ठेवींचा हिशेब होता. चारशेच्या आसपास ओळी. नाव, मुद्दल, दिवस, दर, व्याज असे कॉलम. दर बहुतेकांना नऊ टक्के, काही ज्येष्ठ नागरिकांना थोडा जास्त. प्रत्येक ओळीत नऊ लिहीत बसायला नको म्हणून मी ‘व्याज’ नावाचं एक फंक्शन करून दिलं. मुद्दल आणि दिवस द्यायचे. दर दिला तर तो घ्यायचा, नाही दिला तर नऊ धरायचा. मी =व्याज(७३०००, १००) लिहून पाहिलं, उत्तर १,८०० आलं, समाधान झालं. संस्थेतल्या ताईंनी फॉर्म्युला लिहिला =व्याज(बी२, सी२, डी२) आणि खालपर्यंत ओढला. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. ज्यांचा दर वेगळा आहे त्यांचाच डी कॉलममध्ये भरा, बाकी कोरं ठेवा, असं मीच त्यांना सांगितलं होतं. कोऱ्या दराच्या प्रत्येक ओळीत व्याज आलं शून्य. एरर नाही, सूचना नाही. एक आजी पासबुक घेऊन विचारायला आल्या तेव्हा ते कळलं.

तेव्हापासून ऐच्छिक आर्ग्युमेंट हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. फंक्शनच्या कंसात जे द्यायचं ते आर्ग्युमेंट, आणि दिलं नाही तरी चालतं ते ऐच्छिक, एवढीच त्याची व्याख्या. पण ‘दिलं नाही’ म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर प्रत्येक साधनात वेगळं आहे. स्वतःची फंक्शनं लिहिणाऱ्यांची फसगत होते ती बहुतेक वेळा इथेच. (फंक्शनांची आणि सेलची नावं मी इथे देवनागरीत लिहितो आहे, प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत टाइप होतात.)

डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिझिकॅल्क १९७९ मध्ये आलं, लोटस १-२-३ १९८३ मध्ये, आणि मॅकिंटॉशवर एक्सेल १९८५ मध्ये. एक्सेलमध्ये आधी मॅक्रो शीटवर स्वतःची फंक्शनं रचता येत. १९९३ च्या एक्सेल ५ बरोबर व्हीबीए आलं आणि ऑफिसांतल्या हौशी लोकांच्या हातात खरी प्रोग्रॅमिंगची भाषा पडली. पुढे गूगल शीट्समध्ये अ‍ॅप्स स्क्रिप्ट, मग एक्सेलमध्येच जावास्क्रिप्टची फंक्शनं, आणि शेवटी कोड न लिहिता फॉर्म्युल्यातूनच फंक्शन घडवणारं लॅम्डा. प्रत्येक पिढीने ऐच्छिक आर्ग्युमेंटची सोय नव्याने केली.

पण आधी एक्सेलच्या घरच्या फंक्शनांकडे पाहू, कारण आपल्या सवयी तिथे लागतात. व्हीलुकअप रोज वापरणाऱ्यांनाही सहसा माहीत नसलेली एक गोष्ट आहे. =व्हीलुकअप(ए२, यादी, २) असं लिहिलं तर चौथं आर्ग्युमेंट वगळलं गेलं; एक्सेल ते ‘ट्रू’ धरतं, म्हणजे अंदाजे जुळणी. त्यासाठी यादी क्रमाने लावलेली असावी लागते. नसेल तर भलत्याच माणसाचं नाव बिनदिक्कत परत येतं. आता कंस बंद करायच्या आधी फक्त एक स्वल्पविराम घाला: =व्हीलुकअप(ए२, यादी, २,). डोळ्यांना दोन्ही सारखेच, चौथ्या जागी दोन्हीकडे काही नाही. पण आता एक्सेल ती रिकामी जागा ‘फॉल्स’ धरतं आणि तंतोतंत जुळणी शोधतं. एका स्वल्पविरामाने अर्थ उलटा झाला. इफचंही तसंच. तिसरं आर्ग्युमेंट वगळलं तर अट खोटी ठरल्यावर ‘फॉल्स’ छापलं जातं; स्वल्पविराम देऊन जागा कोरी सोडली तर शून्य.

म्हणजे गप्प राहण्याचे प्रकार एकाहून जास्त आहेत. आर्ग्युमेंट अजिबात न देणं हा एक. स्वल्पविराम देऊन जागा मोकळी सोडणं हा दुसरा. कोऱ्या सेलकडे बोट दाखवणं हा तिसरा. माझ्या व्याजाचा घोळ या तिसऱ्यातला. आणि चौथा आणखी फसवा आहे: जो सेल दिसायला कोरा आहे पण ज्याच्या आत एखादा फॉर्म्युला बसलेला आहे आणि तो रिकामी अक्षरमाळ परत देतो आहे, असा सेल. सी भाषेतून एक्सेलला जोडणी करणाऱ्यांना दिसतं की एक्सेलच्या पोटात ‘आर्ग्युमेंट आलंच नाही’ आणि ‘आलं पण सेल कोरा होता’ या दोन गोष्टींसाठी दोन वेगळ्या खुणा आहेत. डॉटनेट वापरून फंक्शनं लिहिण्यासाठीच्या एक्सेल-डीएनएमध्येही त्या दोन खुणा जशाच्या तशा लेखकापर्यंत पोचतात. माहिती एक्सेलपाशी असते. ती फंक्शन लिहिणाऱ्यापर्यंत येईस्तोवर कुठेतरी पुसली जाते.

व्हीबीएमध्ये ती नेमकी कुठे पुसली जाते हे सावकाश पाहायला हवं, कारण आपल्याकडच्या छोट्या संस्था, सीएंची ऑफिसं, शाळांचे निकालपत्रक करणारे शिक्षक यांच्या फायलींत अजूनही व्हीबीएच सापडतं. तिथे आर्ग्युमेंटच्या आधी ‘ऑप्शनल’ हा शब्द लिहिला की ते ऐच्छिक. एकदा ऐच्छिक आलं की त्याच्यापुढची सगळी ऐच्छिकच असावी लागतात. आलं की नाही हे विचारायला ‘इझमिसिंग’ आहे. हे इझमिसिंग फक्त ‘व्हेरियंट’ प्रकारच्या आर्ग्युमेंटला खरं उत्तर देतं. दर ‘डबल’ म्हणून, म्हणजे निव्वळ आकडा म्हणून जाहीर केला असेल, तर इझमिसिंग नेहमी ‘फॉल्स’ म्हणतं, दर दिला असो वा नसो.

हा लहरीपणा वाटतो, पण त्यामागे कारण आहे. व्हेरियंट हा असा डबा आहे की त्यात आकडा, अक्षरं, तारीख काहीही मावतं, आणि ‘काही आलंच नाही’ अशी खास चिठ्ठीही ठेवता येते. इझमिसिंग ती चिठ्ठी शोधतं. डबलच्या डब्यात फक्त आकडा मावतो. चिठ्ठीला जागाच नाही, म्हणून तिथे मूळचा शून्य किंवा तुम्ही लिहून ठेवलेलं डिफॉल्ट बसतं. सुरुवातीच्या व्हीबीएमध्ये ऐच्छिक आर्ग्युमेंट व्हेरियंटच असावं लागे. ऑफिस ९७ पासून प्रकार सांगायची आणि ‘= ९’ असं डिफॉल्ट जागच्या जागी लिहायची मुभा मिळाली. सोय वाढली, पण इझमिसिंग जुन्याच डब्यापुरतं राहिलं. इतकंच काय, व्हेरियंटलाही डिफॉल्ट लिहून ठेवलं तर चिठ्ठीच्या जागी ते डिफॉल्ट येऊन बसतं आणि इझमिसिंग पुन्हा ‘फॉल्स’ म्हणू लागतं. दोन्हींपैकी एकच वापरायचं.

माझं फंक्शन होतं ‘ऑप्शनल दर अ‍ॅज डबल = ९’. ताईंनी डी२ दिला, म्हणजे आर्ग्युमेंट आलं. डिफॉल्टचा प्रश्नच संपला. डी२ कोरा, कोऱ्याला आकडा करा म्हटल्यावर व्हीबीए त्याचा शून्य करतं. ७३,००० गुणिले शून्य. दुरुस्ती अशी होती: दर व्हेरियंट करायचा, इझमिसिंग असेल तर एक वाट, आलेला सेल कोरा असेल, जे ‘इझएम्प्टी’ने कळतं, तर दुसरी वाट, रिकामी अक्षरमाळ असेल तर तिसरी, आणि खरोखर शून्य लिहिलेला असेल तर शून्यच. शून्य दर ही अशक्य गोष्ट नाही. मुदत संपून पडून राहिलेल्या ठेवीला कुणी मुद्दाम शून्य लिहिला असेल, तर फंक्शनने त्याच्या जागी नऊ धरणं हा वेगळा अन्याय.

कितीही आर्ग्युमेंटं घेण्यासाठी व्हीबीएत ‘पॅरामअ‍ॅरे’ आहे. ते सगळ्यांत शेवटी असावं लागतं आणि ज्या फंक्शनमध्ये ते आहे तिथे ‘ऑप्शनल’ वापरता येत नाही. बेरजेसारख्या कामाला ते ठीक. जिथे प्रत्येक जागेचा अर्थ वेगळा आहे तिथे ते वापरू नये, असं माझं मत आहे.

गूगल शीट्सकडे वळलं की वाटतं, जावास्क्रिप्टमध्ये तरी हे सोपं असेल. अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये व्ही८ इंजिन आलं आणि फंक्शनच्या पहिल्याच ओळीत ‘दर = ९’ असं डिफॉल्ट लिहिता येऊ लागलं. वगळलेलं आर्ग्युमेंट ‘अनडिफाइन्ड’ म्हणून येतं, आणि डिफॉल्ट त्याच एका प्रसंगी लागू होतं. कोरा सेल मात्र रिकामी अक्षरमाळ म्हणून येतो. तो अनडिफाइन्ड नाही, म्हणून डिफॉल्ट बाजूला राहतं. आणि जावास्क्रिप्ट रिकाम्या अक्षरमाळेला गुणाकारात शून्य मानतं. भाषा वेगळी, कंपनी वेगळी, आणि आजींच्या पासबुकात पुन्हा तेच शून्य. एक्सेलमधल्या जावास्क्रिप्ट फंक्शनांची गोष्ट आणखी एक पाऊल पुढे जाते. तिथे वगळलेल्या ऐच्छिक आर्ग्युमेंटच्या जागी एक्सेल ‘नल’ पाठवतं. डिफॉल्ट फक्त अनडिफाइन्डला लागू होत असल्याने ते अगदी खरोखर वगळल्यावरही लागू होत नाही, आणि नल गुणिले काहीही म्हणजे शून्य. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शिकेत ही सूचना आहे, पण गूगलकडून कोड उचलून इकडे आणणारा माणूस ती वाचेलच असं नाही. ‘नल आहे का’ हे स्वतः तपासणारी एक ओळ पुरते.

या सगळ्यांत मला सर्वांत प्रामाणिक वाटतं ते लॅम्डा. मायक्रोसॉफ्टने ते डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलं, आणि २०२१ मध्ये त्याला ऐच्छिक आर्ग्युमेंटची जोड मिळाली. नाव चौकटी कंसात घालायचं, [दर], की ते ऐच्छिक. आणि आलं की नाही हे ‘इझओमिटेड’ने विचारायचं. चौकटी कंसाची ही खूण एक्सेल वापरणाऱ्यांच्या ओळखीचीच आहे, फॉर्म्युला टाइप करताना खाली येणाऱ्या मदतपट्टीत ऐच्छिक आर्ग्युमेंट तशीच दिसतात. वाचणाऱ्याला जे दिसतं तेच लिहिणाऱ्याने लिहायचं, यात एक सरळपणा आहे. व्हीबीएमध्ये नेमका हाच आधार नाही: तिथल्या फंक्शनला मदतपट्टी येतच नाही. कंस उघडून कंट्रोल-शिफ्ट-ए दाबलं तर आर्ग्युमेंटची नावं उमटतात, पण हे किती जणांना ठाऊक असतं? लॅम्डातही कोरा सेल म्हणजे वगळलेलं नव्हे, इझओमिटेड त्याला ‘फॉल्स’च म्हणतं. त्यासाठी इझब्लँक वेगळं लावावं लागतं. पण निदान दोन प्रश्नांना दोन फंक्शनं आहेत आणि ती दोन्ही फॉर्म्युल्यात उघडपणे वाचता येतात.

गूगल शीट्सने ऑगस्ट २०२२ मध्ये नेम्ड फंक्शन्स आणली, कोड न लिहिता स्वतःचं फंक्शन करायची चांगली सोय. पण त्यांत आर्ग्युमेंट ऐच्छिक ठेवायची तरतूद दिली नाही. जितकी नावं लिहिली तितकी सगळी द्यायची. लोक दोन नावांची दोन फंक्शनं करून वाट काढतात. ही मर्यादा मला फारशी खटकत नाही, कारण पुढे येईल. लिब्रेऑफिसच्या बेसिकमध्ये ऑप्शनल आणि इझमिसिंग ही व्हीबीएसारखीच जोडी आहे. तिकडून इकडे फाइल नेताना मात्र एवढं लक्षात ठेवावं की घरच्या फंक्शनांतही ऐच्छिक काय हे सगळीकडे सारखं नसतं. लिब्रेऑफिस आणि गूगलमध्ये राउंडला किती दशांश ते सांगायची सक्ती नाही; एक्सेल मात्र =राउंड(ए१) स्वीकारतच नाही.

इथवर ‘आलं की नाही’चा प्रश्न झाला. ‘नाही आलं तर काय धरायचं’ हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. डिफॉल्ट म्हणजे कुणाची तरी रीत असते. इयरफ्रॅक हे फंक्शन दोन तारखांमधला काळ वर्षाच्या अंशात सांगतं. तिसरं आर्ग्युमेंट दिलं नाही तर ते अमेरिकी पद्धतीने महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचं धरतं. १ जानेवारी २०२३ ते ३१ मार्च २०२३ हा काळ त्या हिशेबाने बरोब्बर पाव वर्ष होतो. आपल्याकडे ठेवीवरचं व्याज सर्वसाधारणपणे प्रत्यक्ष दिवस मोजून, ३६५ ने भागून काढतात. ते दिवस भरतात ८९. एक लाखावर नऊ टक्क्यांनी एकीकडे २,२५० रुपये, दुसरीकडे २,१९४ रुपये ५२ पैसे. तिसऱ्या जागी ३ लिहिला की आपली पद्धत लागू होते. ज्याने तो लिहिला नाही त्याने नकळत एक परकी रीत उचलली. लॉगचंही उदाहरण घ्या: शीटवर आधार सांगितला नाही तर एक्सेल तो १० धरतं, त्याच एक्सेलच्या व्हीबीएमधला लॉग मात्र नैसर्गिक आधाराचा असतो. शीटवरचा फॉर्म्युला कोडमध्ये उतरवणारा शिक्षक तिथे अडखळतो.

रक्कम अक्षरी लिहिणारं फंक्शन हा आपल्याकडचा खास विषय. थाई लोकांसाठी एक्सेलमध्ये बाटटेक्स्ट हे तयार फंक्शन आहे, आकडा दिला की थाई भाषेत अक्षरी रक्कम. मराठीसाठी किंवा भारतीय इंग्रजीसाठी तसं काही नाही, म्हणून ज्याच्या त्याच्या फायलीत कुणीतरी लिहिलेलं ‘अक्षरी’ असतं. मायक्रोसॉफ्टने नमुना म्हणून दिलेला कोड डॉलर-सेंटचा आणि मिलियनचा आहे. तो घेऊन फक्त डॉलरच्या जागी रुपये लिहिलेल्या फायली मी पाहिल्या आहेत; त्यांत दहा लाखांच्या व्हाउचरवर ‘वन मिलियन रुपीज’ छापून येतं. पुढे प्रत्येकाच्या मागणीप्रमाणे त्यात ऐच्छिक आर्ग्युमेंटं वाढत जातात: पैसे दाखवायचे का, शेवटी ‘मात्र’ लावायचं का, भाषा कोणती. मग शीटवर दिसतं =अक्षरी(ई१२,,,ट्रू,,२). व्हीबीएच्या आत एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावताना आर्ग्युमेंटचं नाव लिहून किंमत देता येते. शीटवरच्या फॉर्म्युल्यात ती सोय नाही, तिथे जागाच मोजायच्या. सहा महिन्यांनी हा फॉर्म्युला उघडणाऱ्या क्लार्कने चौथा ट्रू कशाचा हे कसं ओळखावं? त्यापेक्षा ‘चेकअक्षरी’ आणि ‘बिलअक्षरी’ अशी दोन फंक्शनं करावीत, दोन्हींना एकेकच आर्ग्युमेंट. गूगलच्या मर्यादेचं मला वाईट वाटत नाही ते यामुळेच.

डिफॉल्ट कोडमध्ये लिहू नये, शीटवरच्या एखाद्या सेलमध्ये ठेवावं, म्हणजे कुणालाही बदलता येईल, असाही सल्ला दिला जातो. विचार चांगला आहे, पण त्यात एक गोम आहे. कुठला सेल बदलला की कुठला फॉर्म्युला पुन्हा मोजायचा, हे एक्सेल कंसातल्या आर्ग्युमेंटांवरून ठरवतं. व्हीबीए फंक्शनने आतल्या आत ‘दर’ शीटवरचा बी१ वाचला, तर त्या नात्याची एक्सेलला खबर नसते. बी१ मध्ये ९ चे ८.५ केले तरी चारशे ओळी जुनंच व्याज दाखवत राहतात. कंट्रोल-ऑल्ट-एफ९ दाबेपर्यंत किंवा ती ती ओळ हलेपर्यंत. काही ओळी नव्या दराच्या, काही जुन्या, अशी शीट छापून गेली तर चूक शोधणं फार अवघड. फंक्शन ‘व्होलाटाइल’ जाहीर केलं तर ते प्रत्येक वेळी मोजलं जातं, पण मोठ्या फाइलचा वेग जातो. अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्येही आर्ग्युमेंट बदलल्याशिवाय फंक्शन पुन्हा चालत नाही. बी१ सरळ कंसात द्यावा, =व्याज(बी२, सी२, दर!$बी$१), हाच खात्रीचा मार्ग; आणि मग तो ऐच्छिक उरतोच कुठे?

कोडमधलं डिफॉल्ट बदलणं त्याहून वाईट. ऐच्छिक आर्ग्युमेंटचा खरा फायदा हा की फंक्शनला नवी गोष्ट शेवटी जोडली तरी जुने फॉर्म्युले मोडत नाहीत. पण संस्थेने दर उतरवला म्हणून कोडमधल्या ९ चे ८.५ केले, तर गेल्या वर्षीची, ऑडिट झालेली शीट पुन्हा मोजली गेली की तिचेही आकडे बदलतात, आणि कुठेही खाडाखोड दिसत नाही. वहीतला आकडा खोडला तर शाई दिसते. म्हणून मी आता एवढंच पाळतो: जी गोष्ट माणसांच्या ठरावाने बदलते ती ऐच्छिक ठेवायची नाही. वर्षाचे दिवस ३६५, रुपयाचे पैसे १००, पूर्णांक करताना दशांश शून्य, अशा गोष्टी ऐच्छिक चालतील. दर, तारीख, कराचा टप्पा या द्याव्याच लागतील.

ताईंच्या शीटमधलं ‘व्याज’ आता दराशिवाय चालत नाही. डी कॉलमच्या प्रत्येक ओळीत दर आहे. तो भरायला एकदाच ओढून घ्यायला लागला, दोन मिनिटांचं काम होतं. दर कोरा राहिला तर काय दाखवायचं यावर मात्र मी दोनदा विचार बदलला. आधी फंक्शन ‘दर भरा’ असे शब्द परत देत होतं. वाचायला छान, पण खालची एकूण व्याजाची बेरीज सममध्ये होती, आणि सम सेलमधली अक्षरं ओलांडून पुढे जातं. एकूण रक्कम कमी आली तरी दिसायला नीटनेटकी. म्हणून आता ते #एन/ए देतं. ते एका ओळीत आलं की एकूणातही येतं, आणि ताई तो कोरा सेल सापडेपर्यंत पान छापायला देत नाहीत.